ढोलकी कुणी वाजवली?

अनमोल भावे हे नाव तुम्ही ऐकलंय? खरं सांगा, गूगल न करता.

राहुल देशपांडे हे नाव ऐकलंय का, असं मी विचारणारही नाही. ३० सप्टेंबर २०२२ ला दिल्लीच्या विज्ञान भवनात ६८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा सोहळा झाला. 'मी वसंतराव'साठी राहुल देशपांडेंना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा पुरस्कार मिळाला. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हातून पुरस्कार घेतानाचा त्यांचा फोटो माझ्या फोनवर रात्रीपर्यंत सहा ग्रुपवर आला. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, ऑफिसच्या क्रिकेटचा ग्रुप. त्या क्रिकेटच्या ग्रुपवर एरवी गुड मॉर्निंगसुद्धा कुणी टाकत नाही.

त्याच सोहळ्यात, त्याच चित्रपटासाठी, अनमोल भावे यांनाही पुरस्कार होता. साउंड डिझाइनचा. तो फोटो सहापैकी एकाही ग्रुपवर आला नाही. मलाही ते नाव दोन महिन्यांनी कळलं, तेही भलतंच काही शोधत असताना. आणि मी स्वतःला संगीताचा वेडा समजतो.

राहुल देशपांडेंचं गाणं मला आवडतं. तो पुरस्कार योग्य होता की अयोग्य, हा माझा विषयच नाही. विषय असा आहे की या देशात संगीताला पुरस्कार द्यायची वेळ आली, की आपण गळ्यापाशी थांबतो. गळ्याच्या मागे जे उभे असतात त्यांच्यापैकी दोनचार जणांना एखादा छोटा पुरस्कार मिळतो. बाकीच्यांना तोही नाही. त्यांच्यासाठी रकानाच नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, दिवसभर डेटाबेसच्या रकान्यांशी झटतो. फॉर्ममध्ये ज्याचा रकाना नसतो, तो माणूस सिस्टिमसाठी जन्मालाच आलेला नसतो.

त्या ६८व्या सोहळ्याकडे जरा नीट बघू या, कारण त्यात सगळंच घडलं.

सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिका होत्या नंजियम्मा. केरळमधल्या अट्टप्पाडीच्या, इरुळा या आदिवासी समाजातल्या. मल्याळम 'अय्यप्पनुम कोशियुम'मधल्या गाण्यासाठी पुरस्कार मिळाला. लगेच केरळमधल्याच एका संगीतकाराने व्हिडिओ टाकला: आयुष्य संगीताला वाहिलेल्या गायकांना हा अपमान वाटणार नाही का? मग जोरदार भांडण. त्यांच्या बाजूने बरेच नामवंत उभे राहिले, ते बरंच झालं. शास्त्रशुद्ध शिक्षण म्हणजेच संगीत, असं मानणाऱ्यांना एकदा कुणीतरी ऐकवायलाच हवं होतं.

पण त्या सगळ्या भांडणात एक गोष्ट बाजूलाच पडली. त्या गाण्याचे शब्द नंजियम्मांचेच आहेत. त्यांच्या भाषेतले, त्यांच्या डोंगरातले. म्हणजे त्या गीतकारही आहेत. पण आपण वाद घातला तो त्यांच्या गळ्याच्या लायकीवर. विरोधकही गळ्यावर बोलत होते, समर्थकही. दुसरा रकाना कुणाला आठवलाच नाही.

आता त्याच यादीतली दुसरी गंमत. खरं तर गंमत नाही, कीव यावी अशी गोष्ट आहे. 'डोळ्ळू' नावाचा कन्नड चित्रपट. डोळ्ळू म्हणजे कर्नाटकातला मोठा ढोल. तो गळ्यात अडकवून वाजवत नाचतात. चित्रपट त्या ढोल वाजवणाऱ्यांबद्दलचा. याला सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, आणि शिवाय लोकेशन साउंडचा. हा लोकेशन साउंडचा पुरस्कार फक्त सिंक साउंड चित्रपटांसाठी असायचा, म्हणजे शूटिंगच्या वेळी जागेवरच रेकॉर्ड केलेला आवाज ज्यात शेवटपर्यंत ठेवलेला असतो अशांसाठी. यादी जाहीर झाल्यावर चित्रपटाचे साउंड डिझायनर नितीन लुकोस यांनी उघडपणे सांगितलं, की अहो, हा चित्रपट सिंक साउंड नाहीच, डब केलेला आहे. ऑस्करविजेते रसूल पूकुट्टी यांनीही तेच म्हटलं.

ज्यांना तो पुरस्कार मिळाला त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला प्रश्न पडतो तो फॉर्मचा. प्रवेशिका निर्माता भरतो. त्यात जे लिहिलं ते पुढे जातं. पुढे कुणी तपासतं का? आमच्याकडे ज्युनिअर पोराने एक ओळ बदलली तरी दुसऱ्याने बघितल्याशिवाय ती पुढे जात नाही. हा तर राष्ट्रपतींच्या हातून मिळणारा पुरस्कार आहे.

मग सरकारने काय केलं असेल? तपासणी कडक केली? नाही. ७०व्या पुरस्कारांपासून ध्वनीचे तीन पुरस्कार होते त्यांचा एकच केला. आधी जागेवर आवाज रेकॉर्ड करणारा, साउंड डिझायनर आणि शेवटचं मिक्सिंग करणारा, असे तीन वेगळे होते. आता एकच, साउंड डिझाइन. रक्कम वाढवली, माणसं कमी केली. टेस्ट फेल होत होती म्हणून टेस्टच डिलीट करणारे लोक मी नोकरीत पाहिलेत, पण त्यांना निदान लाज तरी वाटायची. पुढच्याच वर्षी, ७१व्या यादीत, 'अ‍ॅनिमल'चं मिक्सिंग करणाऱ्या एम. आर. राजकृष्णन यांना 'विशेष उल्लेख' द्यावा लागला. कारण काम दिसत होतं, रकाना उडवलेला होता.

हे झालं ज्यांना निदान कधीतरी रकाना होता त्यांचं.

वादकांना तो कधीच नव्हता. अरेंजरलाही नाही. इतक्या वर्षांत, इतक्या भाषांमध्ये, व्हायोलिनला, बासरीला, ढोलकीला, सनईला, कीबोर्डवर रात्रभर बसून गाण्याचा सांगाडा बांधणाऱ्या प्रोग्रामरला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत एकही वर्ग नाही. शंकर-जयकिशनच्या आणि ओ. पी. नय्यरांच्या गाण्यांतला तो भरगच्च ऑर्केस्ट्रा ज्यांनी कागदावर लिहून काढला ते सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. त्यांचं नाव देशभर कशामुळे पोचलं? 'अमर अकबर अँथनी'मुळे, १९७७ मध्ये. प्यारेलालनी आपल्या गुरूची आठवण म्हणून ते नाव गाण्यात घातलं. आज कुणालाही विचारा अँथनी गोन्साल्विस कोण. अंड्यातून बाहेर येणारा, टोपी घातलेला बच्चन. एका शिष्याच्या कृतज्ञतेखेरीज त्या माणसाचं नाव आपल्यापर्यंत यायला दुसरा रस्ताच नव्हता, आणि तो रस्ताही विनोदी गाण्यातून गेला.

आणि हे सगळं 'भारतीय परंपरा' वगैरे म्हणून खपवू नका. आपली परंपरा उलट आहे. बैठकीत गायक आधी तबल्यावर कोण, पेटीवर कोण ते सांगतो, मग षड्ज लावतो. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला अहमदजान थिरकवा तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर होते, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. त्या काळात ना मेटाडेटा होता ना क्रेडिट्सचं बटण. तमाशात तर एका अख्ख्या प्रकाराचं नावच वाद्यावरून पडलंय, ढोलकी फडाचा तमाशा. नाव खोडायची सवय आपल्याला स्टुडिओने लावली, फडाने नाही.

इथे मला माझ्या मामाबद्दल सांगावं लागेल.

मामा ढोलकी वाजवतो. साताऱ्याकडचा. आधी तमाशात, मग ऑर्केस्ट्रात, मग लग्नाच्या सुपाऱ्या. आता साठीला आलाय. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या कोऑर्डिनेटरचा फोन आला आणि तो मुंबईला एका स्टुडिओत एका शिफ्टला गेला. एसटीने. ढोलकी मांडीवर घेऊन. सुमारे अडीच तास वाजवलं. वेगवेगळ्या लयीत, वेगवेगळ्या अंगाने, 'असं द्या, आता थोडं मोकळं द्या, आता नुसती चाटी द्या.' हेडफोनमध्ये फक्त टिकटिक होती, गाणं काय आहे तेही त्याला माहीत नव्हतं. शिफ्टचे पैसे रोख मिळाले. व्हाउचरवर सही केली. रात्रीच्या गाडीने परत.

पुढच्या वर्षी गणपतीत आमच्या चौकातल्या स्पीकरवर गाणं लागलं. मामा चहा पीत होता. कप तसाच हातात धरून म्हणाला, "अरे, हे माझं बोट आहे."

मी हसलो. त्याने मांडीवर वाजवून दाखवलं. सम येण्याच्या जरा आधी उजव्या हाताचं एक बोट तो अर्धवट दाबून उचलतो, त्याने जो आवाज निघतो तो बरोब्बर तिथे होता. आठ मात्रांचा तुकडा कापून गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवला होता. गाणं त्यावरच उभं आहे. ढोलकी काढा, खाली काही राहत नाही.

ते गाणं बऱ्यापैकी गाजलं. एकदोन ठिकाणी पुरस्कारही मिळाले. कुठले ते सांगत नाही, कारण चित्रपटाचं नाव मला सांगायचं नाही. स्टेजवर गायक गेला, संगीतकार गेला. दोघांनीही आईवडील, गुरू, निर्माते आणि मायबाप रसिकांचे आभार मानले.

तुमच्या फोनवर कुठलंही म्युझिक अ‍ॅप उघडा. गाण्यापुढच्या तीन टिंबांवर दाबा, क्रेडिट्स असा पर्याय असेल तर उघडा. गायक, गीतकार, संगीतकार, लेबल. क्वचित कुठे निर्माता. मामाच्या गाण्याचंही मी तेच केलं. मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला आणि मी हा डेटा येतो कसा ते वाचायला घेतलं. तर जगभरातल्या कंपन्या गाण्याची माहिती एकमेकांना ज्या ठरलेल्या साच्यात पाठवतात, डीडीईएक्स म्हणतात त्याला, त्यात प्रत्येक वाद्य वाजवणाऱ्याचं नाव आणि त्याचं वाद्य लिहायची सोय आहे. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षरी आयएसआरसी कोड असतो, त्याला हवी तितकी नावं जोडता येतात. म्हणजे तंत्रज्ञानाची अडचण शून्य. रकाना आहे. तो कुणी भरत नाही.

'नावात काय ठेवलंय, पैसे मिळाले ना' असं म्हणणाऱ्यांसाठी पुढचा भाग आहे. कायद्याचा आहे, पण पळू नका.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, कलाकारांचेही हक्क वाढले. कलाकाराला, म्हणजे गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्यालाही, आपलं नाव लावून घेण्याचा हक्क मिळाला: कलम ३८-बी. वाचून मला फार आनंद झाला. मग मी व्याख्येच्या कलमाकडे गेलो. त्याच दुरुस्तीत तिथे एक पुरवणी जोडलेली आहे. तिचा अर्थ असा: चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचं आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा कुठेच दिलं जात नाही, तो माणूस कायद्याच्या दृष्टीने कलाकारच नाही. त्याच्या कामाची कुणी मोडतोड करून बदनामी केली तर तेवढ्यापुरता तो कलाकार. बाकी नाही.

परत एकदा वाचा. नाव लावून घ्यायचा हक्क कलाकाराला आहे. आणि कलाकार ठरायच्या वाटेत एक अडसर असा, की रीतीप्रमाणे तुझं नाव लावत नाहीत. आमच्याकडे याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात. अ-ला सुरू व्हायला ब लागतो, ब-ला सुरू व्हायला अ. असा कोड बिल्ड होत नाही, लाल अक्षरांत एरर येते. संसदेत तो बिल्ड झाला.

माझा एक वकील मित्र म्हणतो, इतकं सरळ नाही, ढोलकीवर उभं असलेल्या गाण्यात ढोलकी 'किरकोळ' कशी, कोर्टात भांडता येईल. येईल की. रोख पैशांवर, व्हाउचरवर सही करून, एसटीने घरी जाणारा माणूस भांडेल. नक्की भांडेल.

म्हणून पुरस्कारांचा मुद्दा मला नुसत्या मानपानाचा वाटत नाही. 'धंद्याची रीत' कायद्यापेक्षा मोठी झालीय, आणि रीत बदलण्याची ताकद या देशात ज्या मोजक्या गोष्टींत आहे त्यात राष्ट्रीय पुरस्कार आहेत. निर्मात्यांना ते हवे असतात. पोस्टरवर छापायला हवे असतात.

रीत बदलते याचा पुरावा आपल्याच घरात आहे. १९४९ चा 'महल'. त्यातल्या ज्या गाण्याने लता मंगेशकर घराघरांत पोचल्या, त्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. चित्रपटातल्या पात्राचं नाव! लोकांनी रेडिओकडे विचारणा केल्या, हा आवाज कुणाचा, तेव्हा नाव बाहेर आलं. पुढे फिल्मफेअरच्या पुरस्कारांत पार्श्वगायनाला वर्गच नव्हता. 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशनना पुरस्कार मिळाला आणि सोहळ्यात लतानं त्यातलं गाणं गावं असं ठरलं, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला, मग गाणाऱ्याला का नाही? १९५९ पासून तो वर्ग सुरू झाला आणि पहिला पुरस्कार त्यांनाच मिळाला. राष्ट्रीय पुरस्कार १९५४ पासून दिले जातात, पण पार्श्वगायनाचा वर्ग आला तो १९६७ च्या चित्रपटांपासून. ज्या गळ्यापाशी आपण आज थांबतो, तो गळासुद्धा एकेकाळी अदृश्य होता. कुणीतरी 'गाणार नाही' म्हणालं तेव्हा दिसायला लागला.

ढोलकीवाला 'वाजवणार नाही' म्हणाला तर दुसरा ढोलकीवाला येतो. हा फरक आहे.

याउलट नाव असलेल्यांचा राग पाहा. २०१८ मध्ये ६५व्या सोहळ्यात राष्ट्रपती फक्त ११ पुरस्कार देणार, बाकीचे मंत्री देणार, असं कळलं आणि पन्नासहून जास्त विजेत्यांनी सोहळ्यावर बहिष्कार टाकला. राग रास्त होता, राष्ट्रपतींच्या हातून म्हणून बोलावलं होतं ना! पण कुणाच्या हातून मिळणार यावर इतकी माणसं एकत्र येऊ शकतात, तर कुणाला मिळतच नाही यावर एकदाही का आली नाहीत?

मला नेहमी दोन उत्तरं ऐकवली जातात. एक: गाण्यात पन्नास व्हायोलिनं असतात, पन्नास जणांना स्टेजवर बोलवायचं का? नका बोलवू. छापा. पुस्तिकेत पन्नास नावं बसतात, पीडीएफमध्ये पाचशे. अमेरिकेतल्या ग्रॅमीत अरेंजमेंटला वेगळा पुरस्कार आहे, रेकॉर्डिंग इंजिनिअरला आहे. तिथेही हे बरेचसे पुरस्कार मुख्य कार्यक्रमाआधी दुपारीच उरकतात, तेव्हा फार आरती ओवाळायला नको. पण रकाना आहे.

दुसरं उत्तर: आता सगळं कॉम्प्युटरवरच होतं. मग कॉम्प्युटरवर ज्याने केलं त्याचं नाव द्या. आणि त्या कॉम्प्युटरमधले ढोलकीचे तुकडे आकाशातून पडले नाहीत. कुणाच्या तरी बोटांतून आलेत.

कुणीतरी म्हणेल, तुझं नाव तरी तुझ्या अ‍ॅपवर असतं का? नसतं. तुम्ही पैसे पाठवायला जे अ‍ॅप वापरता त्याच्या कुठल्याशा कोपऱ्यात माझा कोड असेल, माझं नाव तुम्हाला कधीच दिसणार नाही. पण मला दर महिन्याला पगार येतो, पीएफ कापला जातो, आजारी पडलो तर विमा आहे. आणि आत, गिटमध्ये, प्रत्येक ओळीपुढे ती कुणी लिहिली ते नाव आहे. कंपनीतून निघून गेलेल्यांचंही. मामाला यातलं एकही नाही.

मागणी मोठी नाही. दोन वर्ग सुरू करा: एक वादनासाठी, एक अरेंजर आणि प्रोग्रामरसाठी. ध्वनीचे काढून घेतलेले दोन परत द्या. आणि संगीताच्या कुठल्याही वर्गात प्रवेशिका भरताना त्या गाण्यात कुणी काय वाजवलं, कुणी रेकॉर्ड केलं, कुणी मिक्स केलं याची पूर्ण यादी जोडणं सक्तीचं करा. यादी नाही, तर प्रवेशिका बाद. मोठ्या स्टारचं गाणं असलं तरी बाद. फॉर्ममध्ये एक लाल चांदणी टाकायची आहे. माझ्या टीममधली नवी इंटर्न ते जेवणाच्या सुट्टीआधी करून देईल.

मामाच्या गाण्याचं मी माझ्यापुरतं करून पाहिलं. गाणं ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना ईमेल लिहिली: या रेकॉर्डिंगच्या माहितीत ढोलकीवादकाचं नाव जोडावं. तीन आठवड्यांनी ठरावीक मजकुराचं उत्तर आलं, की अशी विनंती फक्त हक्कधारकच करू शकतात.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मामाला फोन केला. म्हटलं, तुझ्यावर लिहितोय, गाण्याचं नाव आणि तुझं पूर्ण नाव टाकतो. बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "लिही, पण नाव नको टाकू. दिवाळीनंतर परत बोलावतो म्हणालेत."